आरोग्य-विवेक : हृदयातील नव्या पेशी आणि दीर्घ मुदतीचा हिशोब

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले घरातील वडीलधारे गृहस्थ रुग्णालयातून परततात. अँजिओप्लास्टी झालेली असते, औषधे सुरू असतात. परंतु टू-डी एको तपासणीच्या कागदावर हृदयाचे पंपिंग तीस टक्क्यांवर आलेले दिसते. मंदिराच्या पायऱ्या चढून दर्शनास जाणे थांबते, पेढीवरची बैठक सुटते. अशा वेळी कोणी नातलग मोबाइलवर जाहिरात पाठवितो : स्वतःच्याच पेशींनी हृदय नवे करा, धोका मुळीच नाही. मुले म्हणतात, पैशाचा प्रश्न नाही. ही भावना योग्यच आहे. परंतु मुदत आणि जामीन पाहिल्याशिवाय ज्या घराने कधी हुंडी स्वीकारली नाही, त्या घराने येथेही विचारले पाहिजे : हा उपचार पाच-दहा वर्षांनंतरही सुरक्षित राहील काय?

पेशीउपचाराची आशा कोठून आली, ते प्रथम पाहावे. त्वचेची जखम भरून येते, पण हृदयाचा मेलेला स्नायू जवळजवळ परत येत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, पंचविसाव्या वर्षी माणसाच्या हृदयातील सुमारे एक टक्का स्नायूपेशी वर्षाकाठी नव्या होतात, आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. मोठ्या झटक्यात मात्र काही तासांत कोट्यवधी पेशी नष्ट होतात. ही तूट बाहेरून भरून काढावी, हा या उपचारामागील विचार होय.

पॅरिसमधील शल्यचिकित्सक फिलिप मेनाशे यांनी जून २००० मध्ये एका रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून बायपासच्या वेळी त्याच्या हृदयात सोडल्या. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच होत्या. तरीही पहिल्या दहा रुग्णांपैकी चौघांच्या हृदयाची लय पुढे धोकादायक रीतीने बिघडली आणि त्यांच्या शरीरात लय सावरणारे डिफिब्रिलेटर यंत्र बसवावे लागले. मांडीच्या पेशी हृदयात राहिल्या, पण शेजारच्या पेशींच्या विद्युतलयीशी त्या एकरूप झाल्या नाहीत. ‘आपल्याच पेशी, म्हणून धोका नाही’ हे आजच्या जाहिरातीतील वाक्य त्याच वेळी खोटे ठरले होते.

त्यानंतर अस्थिमज्जेतील पेशींकडे लक्ष वळले. जर्मनीतील हॅनोवर येथे साठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना या पेशी दिल्या त्यांचे पंपिंग सहा महिन्यांनी इतरांपेक्षा सरासरी सहा टक्क्यांनी अधिक सुधारलेले आढळले. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर उत्साह पसरला. परंतु अठरा महिन्यांनी हा फरक ओसरला होता आणि पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही तो टिकलेला दिसला नाही. पहिल्या सहामाहीचा नफा वर्षअखेरच्या ताळेबंदात नाहीसा व्हावा, तसे हे झाले.

येथे एक दिलासा मिळाला : अस्थिमज्जेच्या पेशींमुळे अनेक देशांतील चाचण्यांत मोठी हानी आढळली नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या पेशी देण्यात आल्या. तेथेही सुरक्षिततेबाबत गंभीर प्रश्न उभा राहिला नाही. मात्र हृदय दुर्बल होऊन रुग्ण पुन्हा पुन्हा अत्यवस्थ होण्याचे प्रमाण घटले नाही. झटका व पक्षाघात यांचे प्रमाण काहीसे कमी दिसले, त्याचा अभ्यास पुढे व्हावयाचा आहे.

या दिलाशामागचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे. दिलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत शरीरातून नाहीशा होतात. जो पाहुणा एक रात्रही थांबला नाही, त्याने घरात काही बिघडवले नाही, हे खरे; पण त्याने घरही चालविले नाही. खरा स्नायू नव्याने घडवायचा तर पेशी टिकल्या पाहिजेत, आणि टिकलेल्या पेशींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आयुष्यभराचा असतो. म्हणून जुन्या पेशींच्या सुरक्षिततेचा दाखला नव्या पेशींना लावता येत नाही.

आजच्या नव्या पेशी अशाच टिकणाऱ्या आहेत. जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ शरीरातील साध्या पेशी पुन्हा मूलावस्थेत नेण्याची रीत शोधली. त्यासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. अशा पेशींपासून बनविलेल्या हृदयपेशींचे पातळ पापुद्रे जानेवारी २०२० मध्ये ओसाका विद्यापीठात प्रथमच एका रुग्णाच्या हृदयावर बसविण्यात आले. मूलावस्थेतील एखादी पेशी चुकून मागे राहिली तर तिची गाठ होऊ शकते. दुसऱ्याच्या पेशी असल्यास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. माकडांवरील प्रयोगांत नव्या स्नायूबरोबर लय बिघडण्याचे प्रकारही दिसले आहेत.

अहिंसा मानणाऱ्या घरासाठी आणखी एक प्रश्न उरतो, तो पेशींच्या उगमाचा. पॅरिसमध्ये २०१४ साली मानवी भ्रूणापासून मिळविलेल्या पेशीही रुग्णाच्या हृदयावर बसविण्यात आल्या. यामानाकांच्या रीतीत भ्रूणाची गरज पडत नाही. पेशी कोठून आल्या, हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

या क्षेत्रात असत्यानेही मोठे नुकसान केले. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने हृदयात स्वतःच्या मूलपेशी असल्याचा गाजावाजा केला होता. चौकशीअंती, २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय व संबंधित रुग्णालय यांनी तेथील ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे सुचविले. त्या दाव्यांवर कित्येकांनी आपली वर्षे आणि आशा लावल्या होत्या.

भारतातील नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांतील मूलपेशी प्रत्यारोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणे हा गैरव्यवहार मानला जातो. म्हणून कुटुंबाने शांतपणे विचारावे : ही चाचणी केंद्रीय नोंदणीत आहे काय? नीतिसमितीची संमती आहे काय? पुढील पाच वर्षे तपासणी कोण करील, आणि इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? आणि जेथे प्रायोगिक उपचारासाठी लाखो रुपये मागितले जातात, तेथे मागणी हीच उत्तर समजावी. चाचणीतील रुग्णाकडून उपचाराचे मूल्य घेतले जात नाही.

स्याद्वाद शिकवितो की कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे पाहावे. ‘सुरक्षित’ या शब्दालाही ते लागू आहे : कोणत्या पेशी, कोणता रुग्ण, किती वर्षे? याचे उत्तर मिळेपर्यंत हृदयदौर्बल्यावर आयुष्य वाढविणारी, दीर्घकाळ पारखलेली औषधे हाताशी आहेत. नव्या उपचाराच्या आशेने ती एक दिवसही बंद करू नयेत. वडिलांच्या गोळ्या वेळेवर देणे, जेवणातील मीठ वैद्यांच्या सल्ल्याने बेताचे ठेवणे आणि त्यांच्या पावलांच्या गतीने रोज थोडे चालणे, ही सेवा आजच करता येते.