आधी मीटर तपासा, मग माती

बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात उन्हाळ्यात मीठ फुटले की पारावर निकाल लागतो : 'रान क्षारपड झाले, जिप्सम टाका.' मोजायचे कशाला, हातच्या काकणाला आरसा कशाला?

आरसा इथे लागतोच. ती पांढरी खपली म्हणजे बाष्पीभवनाने वर ओढलेले क्षार. पावसाळ्यात ते खाली उतरतात आणि रान सुधारल्याचा भास होतो. शिवाय जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या, जमिनीचे औषध. नुसत्या खारवट रानाला हवा निचरा आणि क्षार धुऊन काढायला गोडे पाणी. डोळ्यांना हा फरक कळत नाही. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी 1910 सालीच पुस्तिका काढली होती. आपण अजून खपलीच बघतो आहोत.

दुसरा पक्ष शिकलेला, म्हणून मला जास्त घातक वाटतो. त्याच्या खिशात पेनाएवढा टीडीएस मीटर असतो. विहिरीचे पाणी पेल्यात घेतो, पेन बुडवतो आणि आकडा शपथेवर सांगतो. पण हा मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, मोजतो आणि तिला ठरलेल्या गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. गुणक एका मीटरात 500, दुसऱ्यात 700. दर मीटरला दोन डेसीसायमन ईसीचे एकच पाणी मग इकडे 1000, तिकडे 1400. त्यात पाणी एका अंशाने तापले की ईसी सुमारे 2 टक्क्यांनी चढते. आकडा 25 अंशांचा धरायचा असतो. तापमानाची दुरुस्ती न करणारा मीटर मे महिन्याच्या दुपारी चांगल्या पाण्यालाही बदनाम करतो.

मातीत घोळ आणखी मोठा. 'ईसी चार डेसीसायमनच्या वर तर क्षारयुक्त' ही मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्काची. उसाचे उत्पादन 1.7 पासून घटू लागते, तेही याच मापात. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा एका भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात, तेव्हा आकडा बराच लहान येतो. असा 0.9 चा अहवाल चारशी ताडून रान निर्धोक ठरवणे म्हणजे शुद्ध आत्मवंचना.

मीटर ताडून पाहायचा उपाय खरे तर स्वस्त आहे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 0.7455 ग्रॅम कोरडे पोटॅशियम क्लोराईड. 25 अंशांना मीटरने ईसी 1.413 डेसीसायमन दाखवली पाहिजे. घरात समुद्री मासे पाळणारा हौशी माणूससुद्धा आपला मीटर प्रमाण द्रावणात ताडून घेतो. आणि कारखान्याच्या काट्यावर काटामारीचा संशय घेणारा आपला ऊसवाला मात्र मीटरपुढे डोळे मिटून हात जोडतो!

माळेगावात राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. शंका असेल तर तिथे विचारा. आणि नमुना कुठेही द्या, अहवालावर मोजणीची पद्धत, मातीपाण्याचे प्रमाण आणि तापमान लिहून मागा. ते हाती आल्याशिवाय जिप्समची एक गोणीही उचलू नका.