लघवीची नळी कुणाच्या सोयीसाठी?

सरकारी दवाखान्यात पिशवी साफ करायला किंवा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला गेलेली आपली आई-बहीण घरी येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. ओटीपोट दुखते, थंडी वाजून ताप येतो. शेजारीण म्हणते, उष्णता झाली, धने-जिऱ्याचे पाणी घे. ऑपरेशनच्या वेळी लघवीच्या जागी नळी घातली होती काय, ती किती तास ठेवली होती, हे तिला कुणी सांगितलेले नसते. विषय लाजेचा म्हणून घरात बोलला जात नाही. आमच्या सभा-मेळाव्यांत तर नाहीच नाही.

म्हणून आज आम्ही तो बोलणार आहोत. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा. बाहेरचे जंतू मूत्राशयात पोहोचायला एवढे अंतर म्हणजे काहीच नाही. त्यात नळी गेली की त्यांना आयती वाट मिळते. नळीच्या अंगाला ते चिकटतात, थर धरतात, आणि त्या थराखाली औषधही नीट पोहोचत नाही. १९३०च्या दशकात फॉली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आत राहणारी फुग्याची नळी प्रचारात आणली. आज वॉर्डात दिसते ती हीच. ती आत राहिली तर दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यातले सगळेच आजारी पडत नाहीत, हे खरे. पण जी पडते तिची आठवड्याची मजुरी बुडते, ती कोण भरून देणार?

डॉक्टर म्हणतील, मूत्राशय भरलेले असेल तर ऑपरेशनमध्ये त्याला इजा होते. बरोबर आहे. सिझेरियनला, मोठ्या व लांबलेल्या ऑपरेशनला नळी हवीच, तिथे आमचा वाद नाही. परंतु दहा-वीस मिनिटांच्या किरकोळ ऑपरेशनला मूत्राशय रिकामे करायचा साधा उपाय बाईच्या स्वतःजवळ आहे. टेबलावर जाण्याआधी तिने लघवी करून यायचे! नसबंदीच्या सरकारी नियमावलीतही हेच सांगितले आहे. गरज पडलीच तर साधी नळी निर्जंतुक हाताने घालून लगेच काढता येते. फुग्याची घातली असेल तर काम संपताच, फार तर २४ तासांच्या आत, काढायला हवी.

मग ती दुसऱ्या दिवसापर्यंत का राहते? कारण वॉर्डातल्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, बाईला धरून नेणारी आया नाही आणि एका नर्सच्या माथी अख्खा वॉर्ड आहे. नळी घातली की सगळ्यांची सोय. जंतू मात्र बाईच्या वाट्याला. (खासगी खोलीतल्या बाईला नळी लवकर काढा म्हणून सांगणारा नवरा आणि लेखी तक्रार करणारा भाऊ असतो.) त्या नर्सवर आमचा राग नाही. जागा न भरणाऱ्या सरकारवर आहे.

ही घाई कुठवर जाते ते देशाने पाहिले आहे. ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ बायकांची नसबंदी उरकली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात ८३ बायकांना टेबलावर घेतले आणि त्या दिवसांत तिथे १३ बायका दगावल्या. त्या मृत्यूंची कारणे वेगळी, नळीचा तिथे संबंध नाही. बाईकडे मोजायचा आकडा म्हणून पाहण्याची नजर मात्र तीच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे आदेश दिले.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला, तेव्हा बाईच्या प्रकृतीचा विचार त्याच्या मुळाशी होता. तो बहुमताने फेटाळला गेला. पुढे सरकारने संततिनियमन उचलले, बाईची प्रकृती तिथेच राहिली.

आमच्या महिला कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन अधीक्षकांना लेखी विचारावे: गेल्या महिन्यात किरकोळ ऑपरेशनच्या किती बायांना नळी घातली, का घातली, किती तासांनी काढली? बाईच्या केसपेपरवर त्याची वेळ लिहिली जाते काय? आणि उत्तर घेऊन निघण्यापूर्वी वॉर्डातला संडास स्वतः उघडून पाहावा.