लपवलं म्हणजे काढलं नाही

फेस्टची शॉर्ट फिल्म असो की असाइनमेंटची डॉक्युमेंटरी, एडिटिंगला बसलं की एक प्रश्न हमखास पडतो. हा शॉट नको वाटतोय, पण उडवायचा का? मग आपण क्लिप डिसेबल करतो. विंडोजवर प्रीमिअर प्रोमध्ये शिफ्ट आणि ई, डाविंची रिझॉल्व्हमध्ये डी, फायनल कट प्रोमध्ये व्ही. क्लिप फिकट होऊन टाइमलाइनवर तशीच राहते, पण एक्सपोर्टमध्ये येत नाही.

सवय चांगलीच आहे. क्लिपची जागा कायम राहते, त्यामुळे पुढचं म्युझिक, सबटायटल काही हलत नाही. तोच शॉट रिपल डिलीट केलात, तर मधली जागा मिटते आणि पुढच्या क्लिप मागे सरकतात. मुलाखतीत तर दोन लांबची वाक्यं एकमेकांना चिकटतात आणि बोलणाऱ्याचा अर्थच बदलू शकतो. म्हणून निर्णय होत नाही तोवर बिनधास्त लपवा.

अडचण पुढे आहे. समजा, कॅमेऱ्यासमोर बोललेली एखादी मुलगी नंतर म्हणाली, ‘माझा तो भाग नको वापरूस.’ तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि क्लिप डिसेबल केलीत. पुढे प्रोजेक्ट ग्रुपमधल्या दुसऱ्याकडे गेला. ती क्लिप फिकट का आहे, हे त्याला कुठे माहीत? त्याने एक बटण दाबलं, की ती परत चालू. आवाज आधीच अनलिंक केलेला असेल, तर नुसतं चित्र लपवून तो बंदही होत नाही.

बरं, टाइमलाइनवरून डिलीट केलं तरी काम संपत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. टाइमलाइनवरची क्लिप म्हणजे त्या फाइलचा फक्त संदर्भ. मूळ रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर शाबूतच असतं.

तेव्हा हिशेब सरळ ठेवा. शंका आपली असेल तर लपवा. निर्णय झाला असेल तर काढा. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर त्या भागाची मूळ फाइल आणि पेनड्राइव्हवर, फोनमध्ये गेलेल्या तिच्या कॉपीही पुसा. प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हातात देण्याआधी प्रत्येक फिकट क्लिपवर थांबा आणि ती अजून तिथे का आहे, हे स्वतःला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. पण समोरच्याने तुमच्यावर टाकलेला विश्वास त्यावरच टिकतो.