यंत्र थांबले तर लेखणी चालू द्या!

'सर्व्हर डाऊन आहे!' या तीन शब्दांनी आज आपल्या गावांतील जेवढी कामे अडवून ठेवली आहेत, तेवढी कोणत्याही मामलेदाराने, कोणत्याही तलाठ्याने किंवा कोणत्याही जुलमी फौजदाराने आजवर अडवली नसतील. मामलेदार निदान काही कारण तरी सांगत असे. ते कारण खोटे असेल तर त्याच्याशी भांडता येई, वरिष्ठांकडे दाद मागता येई, आणि अगदीच कोणी ऐकले नाही तर कचेरीपुढे मांडव घालून बसता येई. सर्व्हरपुढे मांडव कोठे घालावा? तो कोणत्या गावी राहतो, कोणत्या मजल्यावर बसतो, जेवायला केव्हा जातो आणि परत केव्हा येतो, हे ना खिडकीपलीकडील कारकुनाला ठाऊक, ना खिडकीअलीकडील म्हाताऱ्याला!

गेल्या महिन्यात जमिनीच्या एका उताऱ्यासाठी आम्हीही एका कचेरीच्या तीन फेऱ्या केल्या. पहिल्या दिवशी सर्व्हर खाली होता. दुसऱ्या दिवशी सर्व्हर वर आला होता, पण प्रिंटर रुसून बसला होता. तिसऱ्या दिवशी दोघेही आपापल्या जागी हजर होते. मात्र ज्या गृहस्थांच्या अंगठ्याने ते यंत्र उघडते, ते गृहस्थ रजेवर होते! रांगेतील एक शेतकरी शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "पूर्वी साहेब नसला तर शिपाई तरी भेटायचा. आता यंत्र नाही म्हणजे कोणीच नाही." सारी रांग हसली, आम्हीही हसलो. पण घरी परतताना त्या हसण्याची आम्हांला लाज वाटली. आमची तीन फेऱ्यांत वहाण झिजली, एवढेच. त्या माणसाचे तीन दिवस बुडाले होते, आणि शेताच्या दिवसांत बुडालेला दिवस कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही.

याहून वाईट गोष्ट रेशनच्या दुकानापुढे घडते. निपाणीकडच्या शेकडो बायका जन्मभर विड्या वळत आल्या आहेत. तंबाखू आणि पान यांवर सतत घासून त्यांच्या बोटांवरील रेषा पुसट होतात. दगड फोडणाऱ्याची, माती कालवणाऱ्याची, दहा घरची भांडी घासणारीची बोटेही अशीच झिजतात. आणि धान्य देण्यापूर्वी यंत्र नेमक्या त्याच रेषा मागते! अंगठा ठेवा, पुसून ठेवा, दुसरे बोट ठेवा, तेल लावून ठेवा, उद्या या. ज्या हातांनी आयुष्यभर राबून खाल्ले, ते हात या बाईचेच कशावरून, असा यंत्राचा सवाल असतो. ज्याने कधी श्रम केले नाहीत त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळावा आणि जिने श्रमच केले तिचा जुळू नये, असा हा उफराटा न्याय आहे.

त्यातून आपल्या सीमाभागाचा म्हणून एक वेगळाच तेरावा महिना आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, शिधापत्रिकेवर कानडीत, बँकेच्या पुस्तकावर इंग्रजीत. बारशाला 'लक्ष्मी' असे सरळ नाव ठेवलेली मुलगी या तीन लिप्यांतून फिरून येते, तेव्हा एका कागदावर तिच्या नावात इंग्रजी 'एक्स' आलेला असतो, तर दुसऱ्यावर 'के' आणि 'एस' शेजारी बसलेले असतात. माणसाच्या डोळ्याला ती एकच लक्ष्मी दिसते. यंत्राला दोन बायका दिसतात, आणि दोघींपैकी एकीलाही पेन्शन मिळत नाही! नाव दुरुस्त करायला गेले तर दुरुस्तीच्या अर्जावरचे नाव मूळ नावाशी जुळत नाही म्हणून अर्जच परत येतो. ही चूक लक्ष्मीबाईंनी केली काय? ती ज्याने केली तो कारकून केव्हाच निवृत्त झाला. भोग मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले.

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहू. हे यंत्र चालवतो कोण? आपलीच मुले! बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांतून एक तरी मुलगा किंवा मुलगी पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर हैदराबादला 'आय.टी.'त आहे. गणपतीला चार दिवस तो घरी आला की आळीतील सारे आजारी जिन्नस त्याच्यापुढे येतात. काकूंचा मिक्सर, अण्णांचा मोबाईल, देवळाच्या विश्वस्तांचा लाऊडस्पीकर, 'तू काँप्युटर इंजिनियर ना, मग एवढे बघून दे!' तो बिचारा ज्या अमेरिकन पेढीच्या हिशेबांतील एका कोपऱ्याची राखण करतो, तिचे नावदेखील आळीत कोणी ऐकलेले नसते. तेथे उजाडते तेव्हा येथे दिवेलागण होते. म्हणून घरात आरती सुरू झाली की हा कानाला यंत्र लावून माळ्यावर जातो. आई नैवेद्याचे पान झाकून ठेवते. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या आयांनी हे काम प्रथमच डोळ्यांनी पाहिले, आणि 'पोराला खुर्चीत बसून पगार मिळतो' हे बोलणे त्या दिवसापासून बंद केले.

या मुलांच्या धंद्यात तक्रारीला 'तिकीट' म्हणतात. आपल्या एस्. टी.चे तिकीट काढले की प्रवासी हलतो; येथे उलटे आहे. तक्रारदार जागच्या जागी राहतो, आणि तिकीट मात्र पुणे, हैदराबाद, बेंगळुरू असा प्रवास करून 'निकाली' असा शिक्का घेऊन परत येते! कारण मुलाचे काम मोजले जाते ते किती तिकिटे मिटवली यावर; किती माणसांची अडचण मिटली हे कोणी विचारत नाही. म्हणून तोही शिकतो आणि सांगतो, 'यंत्र बंद करून पुन्हा चालू करा.' कारकून म्हणतो, माझ्या हातात नाही. हा मुलगा म्हणतो, माझ्या विभागात नाही. त्याचा वरिष्ठ म्हणतो, करारात नाही. तिघेही खोटे बोलत नाहीत, आणि हीच या रचनेतील खरी मेख आहे. येथे प्रत्येकजण निर्दोष असतो, आणि बाई रिकाम्या पिशवीने घरी जाते.

जुन्या छापखान्यात खिळा उलटा पडला तर तो कोणाच्या हातून पडला हे संध्याकाळपर्यंत कळत असे. चुकीला हात होता, हाताला माणूस होता, आणि माणसाला लाज होती. आम्ही यंत्राचे वैरी नाही. रेल्वेच्या आरक्षणाला यंत्र येण्यापूर्वी मुंबईच्या एका तिकिटासाठी पहाटेपासून उभे राहिलेले लोक या गावांत अजून आहेत. ते दिवस परत यावेत असे म्हणणारा त्यांत एकही निघणार नाही. आमची तक्रार यंत्राविषयी नाही. यंत्राच्या आडोशाला जाऊन बसलेल्या माणसांविषयी आहे.

आणि यंत्र थांबले म्हणजे काम थांबलेच पाहिजे, हे तरी खरे आहे काय? १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी पाठवलेल्या एका सदोष फायलीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. राखणदारानेच घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी, तसा तो प्रकार! दुरुस्ती तरी कशी? बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापुढे माणसाने स्वतः बसायचे, ते विशेष रीतीने उघडायचे आणि ती फाईल हाताने पुसायची. आपल्या देशातही विमानतळांवर गोंधळ उडाला, अनेक उड्डाणे रद्द झाली. पण जी विमाने उडाली, ती कशी उडाली? हैदराबादला आणि इतरत्र इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी कोऱ्या पासावर प्रवाशाचे नाव, विमानाचा क्रमांक आणि आसन पेनने लिहून दिले! प्रवासी त्या हस्तलिखित पासांची छायाचित्रे कौतुकाने एकमेकांना पाठवत राहिले. कोणीही असे म्हटले नाही की, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

वाचकहो, या एका प्रसंगात आमचे सारे म्हणणे आले. विमानतळावर जे पेन चालले, ते रेशनच्या दुकानात का चालत नाही? पेन तेच, शाई तीच, अक्षर ओळखणारा माणूसही तसाच. विमानाचा प्रवासी मागे राहिला तर कंपनीचा तोटा होतो, म्हणून तेथे लेखणीला मुभा मिळाली. विडी वळणारी बाई मागे राहिली तर कोणाचाच तोटा होत नाही, तोटा फक्त तिचाच होतो!

बरे, येथे मुभा नाही असेही नाही. अंगठा जुळला नाही किंवा जोडणी मिळाली नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही धान्य नाकारू नका, कागद प्रत्यक्ष पाहून द्या आणि वहीत नोंद करा, असे केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना लेखी कळवले आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका नोंदली की, ओळख यंत्रावर पटली नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ हिरावला जाऊ नये. हुकूम दिल्लीहून निघाला, पण दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचला नाही. वहीत लिहून धान्य दिले आणि यंत्रातील साठ्याशी हिशेब जुळला नाही, तर आपल्यालाच चोर ठरवतील, हे भय दुकानदाराला आहे. ते भय खोटे नाही. ते दूर करणे हे वरिष्ठांचे काम आहे, आणि ते त्यांनी केले नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक बँकेत आणि प्रत्येक रेशन दुकानात यंत्र बंद पडल्याच्या दिवसासाठी एक वही असावी, आणि तिच्यात नोंद करून काम करणाऱ्याला संरक्षण असावे. यंत्र बंद असेल तर त्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या अधिकाऱ्याचे नाव लोकांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लिहावे. तक्रार 'निकाली' ठरवण्याचा अधिकार तक्रार मिटवणाऱ्याला नसावा, तक्रार करणाऱ्याला असावा. यातील एकाही मागणीला नवे यंत्र लागत नाही, की नवा पैसा लागत नाही.

तोवर आपण काय करावे? 'सर्व्हर डाऊन' ऐकून मुकाट्याने घरी परतण्याची सवय सोडावी. खिशातून कागद काढावा आणि नम्रपणे म्हणावे, 'साहेब, आज अमुक तारखेस, अमुक वाजता, या कारणाने काम झाले नाही, एवढे लिहून सही द्या.' कर्नाटकात २०११ चा आणि महाराष्ट्रात २०१५ चा सेवा हमीचा कायदा आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते, आणि त्या अपिलाला हा कागद उपयोगी पडेल. एकट्याने मागितला तर मिळणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण साऱ्या रांगेने मिळून मागितला तर? रांगेत उभे राहण्याचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. आता त्याच रांगेने एका आवाजात बोलायला शिकावे. यंत्राला कान नसतात; पण यंत्रामागे बसलेल्या माणसाला ते निश्चित असतात!