गळ टाकण्यापूर्वी

उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचे पाणी वेगळे. आपल्या परभणी जिल्ह्याला मराठीतला दर्या नाही. उर्दूतले दरिया मात्र आहेत. गंगाखेडजवळून गोदावरी वाहते. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे. दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे, तर गोदावरीवर पाथरी तालुक्यात ढालेगावचा बंधारा आहे. जिथे पाणी तिथे मासे, आणि जिथे मासे तिथे काठावर गळ घेऊन बसलेली मुले हे ठरलेलेच!

आपणही गळाने मासे धरायला शिकावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. घरातली मोठी माणसे म्हणतील, "अभ्यास सोडून हे रिकामे उद्योग कशाला?" माझे मत जरा निराळे आहे. गळ टाकायला जरूर शिकावे. मात्र मासा कसा धरावा याबरोबरच कोणता मासा सोडून द्यावा, हेही शिकावे. ज्याला सोडता येत नाही, त्याला मासे धरता येतात असे मी म्हणणार नाही.

हा छंद हलका समजू नका. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मासे धरण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र भाग आहे. मासे कोणते, ते काय खातात, गळाची दोरी आणि काठी कशी असावी, याचे वर्णन त्याने केले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ते आपल्यापासून फार दूर नाही. पुढे इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली याच विषयावर पुस्तक लिहिले, आणि ते आजही वाचले जाते. राजापासून दुकानदारापर्यंत अनेकांना या छंदाने वेड लावले आहे.

सुरुवात करायला फार खर्च लागत नाही. वेळूची सरळ काठी, तेवढ्याच लांबीची बारीक तंगूस, एक लहान गळ, शिशाचा छोटा मणी आणि पाण्यावर तरंगण्यासाठी ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा तुकडा, एवढे पुरे. आमिष म्हणून गांडूळ किंवा घट्ट मळलेल्या कणकेची गोळी चालते. गोळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी असावी. मोठी लावली तर मासा ती कडेने कुरतडून खातो आणि गळ रिकामा वर येतो. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून चपटा करावा. त्यामुळे माशाचे तोंड फाटत नाही आणि चुकून आपल्या बोटात गळ रुतला तरी तो सहज निघतो.

अमेरिकेत नवशिकी मुले तळ्यातल्या 'क्रॅपी' नावाच्या लहान माशावर हात बसवतात. आपल्याकडे ते काम तिलापिया करतो. त्याला काही ठिकाणी चिलापी म्हणतात. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तो १९५२ साली भारतात आणला गेला. तो काठाजवळ उथळ पाण्यात राहतो, कणीक आणि गांडूळ दोन्ही खातो आणि फार लवकर वाढतो. त्याची संख्या एवढी होते की लहान तळ्यात इतर माशांना अन्न अपुरे पडते. म्हणून नवशिक्याने पहिला मासा धरायचा तो तिलापियाच धरावा.

पाण्याकाठी पोहोचताच घाईने गळ टाकू नका. आधी थोडा वेळ नुसते पाहा. झाडाची सावली कोठे पडली आहे? पाण्यात बुडालेले खोड किंवा गवत कोठे आहे? बुडबुडे कोठून येतात? मासे सहसा अशा आडोशाला असतात. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा आणि पाय आपटू नका. काठावरच्या पावलांचा हादरा माशांना कळतो. धांड्याचा तुकडा नुसता हलला म्हणून काठी ओढू नका. तो पूर्ण बुडाला किंवा एका बाजूला सरकू लागला, की मनगटाने हलकाच झटका द्या.

या वाट पाहण्यातच खरी परीक्षा आहे. मराठीत 'सबुरी' हा शब्द आहे. तो तुमच्या ओळखीच्या 'सब्र' पासूनच आला आहे. तासभर बसूनही काही मिळत नाही, तेव्हा या शब्दाचा अर्थ शब्दकोशाशिवाय कळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. काही जण विचारतील, "एकेक मासा धरत कोण बसणार? बारीक जाळे टाकले तर पाच मिनिटांत टोपली भरेल." हे खरे आहे. पण बारीक जाळ्याला लहानमोठे कळत नाही. त्यात बोटाएवढी पिलेही येतात आणि पोटात अंडी असलेली मादीही येते. बाहेर काढेपर्यंत त्यांतली बरीचशी मेलेली असतात. काही लोक तर याहून वाईट मार्ग धरतात. ते पाण्यात विषारी पावडर टाकतात किंवा सुरुंगाच्या दारूचा स्फोट करतात. त्याने डोहातले सगळेच जीव मरतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच या दोन्ही गोष्टींना गुन्हा ठरवले आहे. गळाचे तसे नाही. गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो जिवंत हाती येतो. तो घ्यायचा की सोडायचा, हे आपल्याला ठरवता येते. जाळे किंवा स्फोट आपल्याला ही संधी देत नाही.

आपल्या मराठवाड्यात तर ही निवड फार मोलाची आहे. उन्हाळ्यात नद्यांची धार आटते. एप्रिल-मे महिन्यांत अनेक ठिकाणी फक्त डोह उरतात. त्या डोहात जे मासे तग धरून राहतात, तेच पुढच्या वर्षीच्या माशांचे आईबाप असतात. पहिला मोठा पाऊस झाला, की हे मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. त्या वेळी ते हातानेही धरता येतात, म्हणून लोक गर्दी करतात. मला विचाराल तर उन्हाळ्यातला डोह आणि पहिल्या पावसातली चढण, या दोन्ही वेळी गळ घरातच ठेवावा. पावसाळा संपून पाणी निवळले, की शिकण्यासाठी चांगले दिवस सुरू होतात.

मरळ या माशाचे उदाहरण पाहा. त्याची तांबूस पिले पाण्याच्या पृष्ठभागावर थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. असा थवा दिसला तर तेथे गळ टाकणे सोपे असते, कारण राखणदार मासा चटकन गळावर झडप घालतो. पण तो मासा गेला की सगळी पिले उघडी पडतात. तिलापियाची मादी तर अंडी आणि पिले आपल्या तोंडात सांभाळते. हाती आलेल्या माशाच्या तोंडात अंडी दिसली तर त्याला सोडून द्यायला हवे. आधी हात ओले करा, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर काढा आणि माशाला अलगद पाण्यात ठेवा. केवळ गंमत म्हणून दिवसभर मासे ओढायचे आणि सोडायचे, हेही मला पटत नाही. खाण्यापुरते घ्यावे आणि काठी गुंडाळावी.

आणखी एक गोष्ट. धरणातले मासे बेवारस नसतात. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तळ्याच्या साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करणे शक्य झाले. आज धरणे आणि तलाव मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्थेचे लोक पैसे खर्चून पाण्यात बोटुकली सोडतात. त्यावर भोई आणि इतर मच्छिमार कुटुंबांची चूल पेटते. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय तेथे गळ टाकू नये. विचारले तर ते नुसती परवानगी देऊन थांबणार नाहीत, चार गोष्टी शिकवतीलही.

आणि जिवाची काळजी घ्या. एकटे कधीही जाऊ नका. बरोबर पोहता येणारे मोठे माणूस असू द्या. गंगाखेडला आकाश निरभ्र असले तरी पैठणच्या धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरी फुगते. येलदरीचे पाणी सोडले की खाली पूर्णेचेही तसेच होते. म्हणून पात्रातल्या खडकावर बसू नका, काठावरच बसा. पाण्यात अडकलेला गळ काढायला आत उतरू नका. एक गळ गेला तर दुसरा मिळेल. तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, तिच्यात पाखरांचे पाय अडकतात.

मित्रांनो, घरी आल्यावर लोक विचारतील, "किती मासे आणले?" जेवढे आणले तेवढे सांगा. पण किती सोडले, हेही न लाजता सांगा. तुम्ही सोडलेले मासे पुढच्या पावसात अंडी घालतील, आणि तुमच्या धाकट्या भावंडांनाही या नद्यांत मासे पाहायला मिळतील.