तुझे तू, माझे मी

पावसाळ्यातील रविवारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल तरुणांनी गजबजलेली असते. मळवली स्थानकावर उतरायचे, भाजे गावावरून चढत लोहगड गाठायचा, विंचूकाट्यावर धुक्यात चिंब व्हायचे आणि खाली आल्यावर पिठलं-भाकरीवर ताव मारायचा, असा हा साधा बेत. खर्चाचा नियमही ठरलेला : 'टीटीएमएम', म्हणजे 'तुझे तू, माझे मी'.

वडीलधाऱ्यांना या नियमात कोरडेपणा दिसतो. चहाचे पैसे कोणी द्यायचे, यावरून गल्ल्यापाशी लटके भांडण करण्यात त्यांची पिढी रमली. परंतु त्या भांडणाच्या वेळी रिकाम्या खिशाचा मित्र कसा मागे मागे राहत असे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आपले आपण देणाऱ्याला कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही. हा स्वाभिमान लहानसा असला, तरी मोलाचा आहे.

खोट आहे ती वेगळीच. २०१६ साली यूपीआय आल्यापासून हिशेब पैशापर्यंत चोख होऊ लागला; पण गडाऐवजी महागड्या उपाहारगृहाचा बेत ठरला, की नाव टीटीएमएमचे राहते आणि बिलाचे मात्र सरसकट समान भाग होतात. ज्याने केवळ चहा घेतला, तोही मुकाट्याने पाचवा हिस्सा भरतो. बेत आखतानाच सर्वांत हलक्या खिशाचा विचार व्हायला हवा. तो होत नाही. मग पुढच्या खेपेस त्या मित्राला नेमके घरी काम निघते, आणि कोणते काम, असे कोणी विचारत नाही.