चिठ्ठीवर दिवस लिहा, ग्रॅमही लिहा

पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, डायपर जास्त वेळ राहतो आणि जांघा लालभडक झालेली बाळं ओपीडीत येऊ लागतात. यंदा त्यांच्या पाठोपाठ वाचकांच्या तक्रारीही आल्या. सूर एकच: बाळ आमच्यापर्यंत येईतो औषध दुकानातली मिश्र ट्यूब लावून झालेली असते. क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन, जोडीला एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक. चिठ्ठी कोणी विचारत नाही. तक्रार खरी आहे. पण अन्न व औषध प्रशासनाला चार शब्द सुनावून ती मिटणारी नाही, कारण दोष नियमाच्या रचनेतच आहे आणि काही प्रमाणात आपल्या लेटरहेडवरही.

अनुसूची एचच्या टिपेने बाह्य वापराच्या औषधांना वर्षानुवर्षे सूट दिली होती. स्टेरॉइडची गोळी चिठ्ठीवर, मलम मात्र साबणाच्या वडीसारखे मागेल त्याला. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे एचमध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरात ज्या ३२८ मिश्रणांवर बंदी आली, त्यांत काही त्वचेची मलमेही होती. तरी काउंटरवरचा व्यवहार फारसा बदलला नाही, आणि त्यात नवल नाही. एचमधल्या औषधाच्या विक्रीची नोंद साध्या पावतीने भागते. २०१४ पासून लागू झालेल्या एच१ मध्ये मात्र डॉक्टर, रुग्ण, औषध आणि परिमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. म्हणजे क्षयाच्या औषधाचा माग निरीक्षकाला काढता येतो, बाळाच्या जांघेत गेलेल्या क्लोबेटासोलचा काढता येत नाही. चिठ्ठी सक्तीची, पण चिठ्ठी होती की नव्हती हे नंतर तपासायची धड सोय नाही, असा हा बंदोबस्त. असल्या नियमाची अंमलबजावणी होत नाही म्हणून गळा काढण्यापेक्षा तीव्र स्टेरॉइड मलमे आणि त्यांची मिश्रणे एच१ मध्ये टाका, ही मागणी नेटाने लावून धरली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप दुकानदारांचा: आणखी एक वही कोण सांभाळणार? एच१ ची वही त्यांच्या गल्ल्याशेजारी आहेच, तिच्यात चार ओळी वाढतील एवढेच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर त्वचारोगतज्ज्ञ नाही, दुकान तेवढे जवळ. तेही बंद केले तर आईने जायचे कुठे? पण दुकानातली झिंक ऑक्साइडची मलमे कोणी काढून घेत नाही, आणि साध्या डायपर रॅशला तेवढेच पुरते: त्वचा उघडी ठेवणे, ओले लगेच बदलणे, वर जाड थर. घड्या धरलेल्या, कडेला सुटे लाल ठिपके असलेल्या कँडिडाला नुसते बुरशीनाशक बास आहे. खरूज असेल तर मिश्रणाने खाज दोन दिवस थांबते, किडा तसाच राहतो आणि घरातल्या सगळ्यांना पर्मेथ्रिन लावायची वेळ लांबते. यांपैकी एकालाही क्लोबेटासोल लागत नाही. एक्झिमाला स्टेरॉइड लागते, हे मान्य; त्याची धास्ती घालून बाळाला महिनोन् महिने खाजवत ठेवणे हाही अत्याचारच. पण तिथेही सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, थोडे दिवस, आणि डायपरच्या आत तर फारच जपून. तान्ह्याचे अंग वजनाच्या मानाने मोठे आणि डायपर म्हणजे बंदिस्त आवरण; शोषण किती वाढते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. डायपरखाली क्लोबेटासोल लावून कुशिंग झालेल्या तान्ह्यांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

आता आपल्याकडे वळू. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर परिमाण हवे, आणि ‘पुन्हा द्यावे’ असे डॉक्टरने लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे. आपल्यातले कितीजण हे पाळण्याजोगी चिठ्ठी लिहितात? ‘ट्यूब १, लावणे.’ कुठे लावायची, किती, किती दिवस, काही नाही. तीच चिठ्ठी पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानात जाते, मग जावेच्या बाळासाठी जाते. मिश्रण लिहिण्यामागे बहुधा एकच कारण असते: बुरशी की एक्झिमा, हे ठरवायचा कंटाळा. कपडे काढून घड्या बघायला दोन मिनिटे लागतात. गर्दीची सबब सगळ्यांकडेच आहे, ती बाळाच्या त्वचेला लागू होत नाही.

तेव्हा या महिन्यापासून एवढे करा. स्टेरॉइड लिहिलेच तर ताकद, जागा, ग्रॅम आणि दिवस लिहा, खाली ‘पुन्हा देऊ नये’ असा शेरा मारा, आणि आईला तो वाचून दाखवा. बाळ अचानक गुबगुबीत दिसू लागले, चेहरा गोल झाला, उंची मात्र थांबली, तर घरातली ट्यूब मागवून बघा. मात्र ती एकदम बंद करू नका. अधिवृक्क ग्रंथी दबलेली असू शकते, आधी कॉर्टिसोल पाहा. मग औषध दक्षता कार्यक्रमाचा संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरा. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. एच१ साठी सरकार पुरावा मागणार, आणि तो पुरावा आपल्या कपाटांत केसपेपरच्या रूपाने न कळवता पडून आहे.